कावागुची सरोवराकाठी र्‍योकानमध्ये मुक्काम : आईच्या शाकाहाराचे व स्नानाचे काय करावे?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : एप्रिलमध्ये आई-बाबांसह जपानला जात असून, फुजी पर्वताजवळच्या कावागुची सरोवराकाठी गरम झऱ्याच्या पारंपरिक निवासात (र्‍योकानमध्ये) एक रात्र राहण्याची फार इच्छा आहे. आई कटाक्षाने शाकाहारी आहे आणि परक्या बायकांसमोर विवस्त्र स्नान करणे तिला मुळीच रुचणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (प्रतापनगर) : स्नानाची काळजी करू नका. स्त्री-पुरुषांची कुंडे बहुधा वेगळी असतात. शिवाय अनेक ठिकाणी तासाभरासाठी कुटुंबापुरते खाजगी कुंड मिळते, ते आरक्षणाच्या वेळीच मागून घ्यावे. कुंडात उतरण्यापूर्वी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचे, लांब केस वर बांधायचे आणि छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचे असल्याने रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

उत्तर (सदर) : खरी अडचण जेवणाची आहे. भाजी, टोफू, सूप वरवर शाकाहारी दिसले तरी त्यांचा रस्सा बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. म्हणून केवळ ‘मांस नको’ न सांगता ‘माशाचा रस्साही नको’ असे लेखी कळवून होकार आल्यावरच पैसे भरावेत. भाड्यात बहुतेकदा दोन्ही वेळचे जेवण धरलेले असते, तेव्हा नकार आल्यास जेवणाविना खोली घ्यावी.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. आजच दोन्ही गोष्टी कळवते.