मगरीच्या लेखाला संदर्भ कुठले द्यावेत?

रावपुरा_वाचक: मराठी विकिपीडियावर मगरीच्या लेखात आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींचा परिच्छेद जोडायचाय. वर्तमानपत्रांच्या बातम्या संदर्भ म्हणून चालतील का?

मांडवीकर: पूर आला, मगर रस्त्यावर आली, एवढ्यापुरत्या चालतील. अंडी, आहार, वर्गीकरण यांना नाही. तिथे समीक्षालेख (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा शोधलेख) किंवा प्राणिशास्त्राचा ग्रंथ द्या, डीओआय (शोधलेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) किंवा पानक्रमांकासह. इंग्रजी विकिपीडिया हा संदर्भ नव्हेच. तिथल्या तळटीपेतला मूळ लेख उघडून वाचा.

फतेगंज_०७: आधी जात पक्की करा: शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस, लेसन, १८३१ (नाव देणारा शास्त्रज्ञ आणि वर्ष). पालापाचोळ्याचा ढीग रचून अंडी घालते ती खाऱ्या पाण्यातली. विश्वामित्रीतली खड्डा खणते. ही सरमिसळ फार होते! आययूसीएनचा (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाचा) दर्जा ‘असुरक्षित’, पण मूल्यांकनाचं वर्ष लिहाच.

मांडवीकर: आणि संदर्भ वाक्यागणिक. परिच्छेदाअखेर एकच दिला, की मधे कुणी घुसवलेलं वाक्यही त्याच ग्रंथातलं वाटतं.