घसा दुखला की लगेच अँटिबायोटिक?
बरेच जण म्हणतात की अँटिबायोटिक डॉक्टरच लिहून देतात तर आपण काय करणार, तर डॉक्टरांना सरळ विचारायचं, हे व्हायरल आहे की बॅक्टेरियल? साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालतच नाही, उलट पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि जे टिकतात ते चिवट होतात. गेल्या महिन्यात आईचा नुसता घसा दुखत होता तर गल्लीतल्या मेडिकलवाल्याने सेफिक्सीम या अँटिबायोटिकची स्ट्रिप कात्रीने कापून चार गोळ्या हातात दिल्या, चिठ्ठी मागितलीसुद्धा नाही! हे औषध २०१४ पासून शेड्यूल एच१ मधे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव रजिस्टरला लिहावंच लागतं. इतका राग आला मला. गोळ्या परत केल्या, मिठाच्या गुळण्या केल्या, चार दिवसांत आई बरी. स्ट्रिपवरची लाल उभी रेघ बघत जा प्लीज, ती असली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.