पहिला छोटा ट्रॅक्टर: १८ एचपी टू-व्हील की २४ एचपी फोर-व्हील?

नवा_बागवाला
पहिलाच ट्रॅक्टर आहे. जमीन ३ एकर, काळी, भारी. त्यात १ एकर फळबाग, दोन ओळींत ८ फूट अंतर, बाकी भाजीपाला. कामं म्हणजे रोटाव्हेटर, बागेतली फवारणी, सऱ्या पाडणं, अधूनमधून ट्रॉली.

अ) १८ एचपी, टू-व्हील (फक्त मागची चाकं ओढतात), सिंगल क्लच, वजन ८५० किलो.
ब) २४ एचपी, फोर-व्हील (चारही चाकं ओढतात), डबल क्लच, वजन ९८० किलो.

लिफ्ट (मागचं अवजार उचलायची क्षमता) कागदावर दोघांची ७५० किलो. लिफ्टवर बसणारा ४०० लिटरचा ब्लोअर (पंख्याने औषध उडवणारा फवारा) घ्यायचा विचार आहे. अ मध्ये भागेल का?

वापसा
एचपी नंतर बघू, आधी टेप घेऊन बागेत जा. ८ फूट हे खोडापासून खोडापर्यंतचं अंतर. फांद्या दोन्हीकडून फूटभर आत आल्या की उरतात ६ फूट, आणि चालवताना दोन्ही बाजूंना अजून फूटभर मोकळं हवं. म्हणजे टायरच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेली रुंदी किंवा अवजार, जे जास्त रुंद असेल ते ४ फुटांच्या आत बसलं पाहिजे. पत्रकातली रुंदी बहुतेक वेळा सगळ्यात अरुंद सेटिंगची असते. रिम उलटी लावून चाकांतलं अंतर बदलतं, त्यामुळे सरीच्या मापाला कुठलं सेटिंग बसतं आणि त्या सेटिंगला बागेत गाडी शिरते का, दोन्ही बघा.

आता ताकद. कागदावरचा एचपी इंजिनचा असतो; पीटीओला (मागचा फिरता दांडा, ज्यावर अवजार चालतं) साधारण ८५ टक्के पोचतो. १८ चे १५, २४ चे २०. भारी जमिनीत रोटाव्हेटरला फुटामागे पीटीओचे ६-७ एचपी धरा. अ ला अडीच फूट झेपेल, ब ला तीन-सव्वातीन. अ ला ४ फुटी रोटाव्हेटर कुणी जोडून दिलाच, तर इंजिन दबतं, पात्यांचे फेरे उतरतात आणि माती बारीक व्हायच्या ऐवजी ढेकळं उलटी होतात.

रोटाव्हेटर गाडीपेक्षा अरुंद असेल तर एका बाजूला सरकवता येणारा घ्या, नाहीतर टायरचा पट्टा दाबलेलाच राहतो.

स्पॅनर_१९
४०० लिटरचा ब्लोअर लिफ्टवर? दोन्ही गाड्यांवर नको.

ते ७५० किलो कुठे मोजलेत ते विचारा. लोअर लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांच्या) टोकाला मोजलेला आकडा मोठा दिसतो. तिथून ६१० मिमी मागे मोजला की बराच खाली येतो, आणि ब्लोअरचा भार मागेच असतो.

खरी अडचण पुढच्या चाकांची आहे. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, टाकी-पंप-पंख्याचे १६० धरा. एकूण ५६०. हा भार मागच्या अॅक्सलपासून १.१ मीटर मागे आणि दोन अॅक्सलमधलं अंतर १.५ मीटर धरलं, तर पुढच्या चाकांवरून ५६० × १.१ ÷ १.५ = सुमारे ४१० किलो उचलले जातात. अ च्या पुढच्या चाकांवर वजनाच्या ४० टक्के, म्हणजे ३४० किलो असतील. गाडी सरळ पुढून उठेल. ब वर ४५ टक्के धरले तरी ४४० पैकी ३० उरतात. स्टेअरिंग हातात येणार नाही. गाडीच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे.

२०० लिटरचा (एकूण ३३० किलो) घेतला तर पुढून २४२ किलो कमी होतात. ब वर १९८ उरतात, लागतात १९६. जेमतेम बसतं. अ वर ९८ उरतात, हवेत १७०. पुढे ५५-६० किलोची वजनं लावावी लागतील; ती अॅक्सलच्याही पुढे बसतात, म्हणून पूर्ण ७२ लागत नाहीत. अॅक्सलमधलं अंतर आणि पुढचं-मागचं वजन तुमच्या गाडीच्या पुस्तकातून घेऊन हेच गणित पुन्हा करा.

मोठी टाकीच हवी असेल तर चाकांवरचा, मागे ओढायचा ब्लोअर घ्या. मात्र ओळीच्या शेवटी वळायला जास्त जागा सोडावी लागेल.

वापसा
ब्लोअरचा विषय निघाला म्हणून क्लच. सिंगल क्लचमध्ये पाय दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. ओळीत कुठे अडून गिअर बदलला की पंख्याचा वेग पडतो आणि तेवढ्या झाडांना औषध नीट बसत नाही. डबल क्लचमध्ये अर्धा दाबला की फक्त चाकं थांबतात, पूर्ण दाबला की पीटीओ. मला विचाराल तर बागेसाठी हा फरक ६ एचपीपेक्षा मोठा आहे.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांना इंजिनच्या किती आरपीएमवर पोचतो तेही विचारा. इकॉनॉमी पीटीओ (इंजिनच्या कमी आरपीएमवरच ५४० फेरे देणारा) असेल तर हलक्या कामाला डिझेल वाचतं. रोटाव्हेटरला तो वापरू नका, कमी आरपीएमवर इंजिन लोड घेत नाही.

ढेकूळ
थोडी उलटी बाजू. फोर-व्हील म्हटलं की पुढचा अॅक्सल, त्याचं ऑइल, सील, सगळं वाढतं आणि बहुतेक गाड्यांत वळण मोठं होतं. हलकी, निचऱ्याची जमीन असती तर अ आणि २०० लिटरचा ब्लोअर पुरे म्हटलं असतं. पण काळ्या रानात वापसा (काम करण्याजोगी ओल) यायच्या आधी फवारणीला शिरावं लागलं, तर ८५० किलोचा टू-व्हील जागेवर चाक फिरवत बसेल. तेव्हा ब. फक्त पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील काढून ठेवा. पुढची चाकं मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरतील असं प्रमाण ठेवलेलं असतं. मातीत तो फरक घसरून निघतो, डांबरावर त्याचा ताण टायर आणि गिअरवर येतो.

नवा_बागवाला
ब ठरवतो. त्याच मॉडेलची १,२०० तास चाललेली गाडी मिळते आहे. काय तपासू?

स्पॅनर_१९
इंजिन थंड असताना जा. बोनेटला हात लावा. आधीच गरम असेल तर थंड होईपर्यंत थांबा, कारण इंजिन थंड असताना सुरू व्हायला किती त्रास देते तेच बघायचं आहे. गरम झाल्यावर चालू इंजिनमध्ये ऑइल भरायचं झाकण उघडा. जोरात धूर फेकत असेल तर इंजिनच्या पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचे लायनर गेलेत. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. लोड देताना क्षणभर काळा चालेल, सतत काळा नको.

रोटाव्हेटर जोडून लिफ्ट वर घ्या, इंजिन बंद करा, लिव्हर वरच ठेवा. दहा मिनिटांत नजरेला दिसेल इतका खाली आला तर लिफ्टच्या सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. खाली कुणी हात-पाय घालायचा नाही. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा; ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय.

पुढची बाजू जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा, किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीचे) बुश झिजलेत का ते कळतं. मग भुसभुशीत जमिनीत फोर-व्हील टाकून पुढची चाकं खरंच माती ओढतात का बघा. मोडलेला पुढचा ड्राइव्ह तसाच ठेवून गाड्या विकल्या जातात.

मीटरवर १,२०० तास आणि पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटरवर विसंबू नका. टायरच्या बाजूला तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. पुढचा एकच टायर नवा दिसला तर दोन्हींचा घेर दोरीने मोजा, आणि चारही टायरची मापं पुस्तकातल्या मापांशी जुळवून बघा. चुकीच्या मापाचं टायर असेल तर फोर-व्हीलचं प्रमाण बिघडतं.