भट्टी रात्री चालते आणि सौर वीज दुपारी मिळते: उद्यमबागेतल्या छोट्या फाउंड्रीने काय करावे?

भट्टीवाला, उद्यमबाग

सर्वांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना आहे. वडिलांनी कोकवर चालणाऱ्या क्युपोलाने सुरुवात केली होती. आज 500 किलोची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी आहे आणि कनेक्शन एचटी (उच्च दाबाचे) आहे. भट्टी घेतल्यापासून वितळकाम रात्री दहानंतरच करायचे, हा आमच्याकडचा शिरस्ता आहे, कारण रात्रीच्या युनिटला सवलत मिळते. दिवसा साचे भरायचे आणि रात्री ओतकाम करायचे, अशी माणसांचीही सवय झाली आहे.

गेल्या दोन महिन्यांत तीन जण तीन प्रस्ताव घेऊन येऊन गेले. एक म्हणतो, शेडच्या छपरावर 100 किलोवॉट सौर पॅनल बसवा आणि सोबत बॅटरी घ्या, म्हणजे दुपारची वीज रात्री भट्टीला मिळेल. दुसरा म्हणतो, पवन आणि सौर अशा एकत्रित प्रकल्पात भागीदार व्हा. तिसऱ्याचे म्हणणे असे की, वीज बाजारात दुपारी युनिट दोन रुपयांना मिळते, तर तिथूनच खरेदी का करत नाही? तिघांचेही कागद टेबलावर पडून आहेत आणि तिघांच्याही कागदांवर परतफेडीचा काळ चार वर्षे असाच छापलेला आहे, ही गोष्ट मला जरा खटकते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त अभियंता, टिळकवाडी

आपल्या प्रश्नाचे उत्तर युनिटच्या दरापेक्षा युनिटच्या वेळेत आहे, म्हणून आधी आपल्याच भट्टीचा हिशेब मांडतो. एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला सुमारे 600 युनिट लागतात, म्हणजे आपली 500 किलोची एक हीट (एका वेळचे वितळकाम) साधारण 300 युनिटांची झाली. एका रात्रीत आठ हीट काढत असाल, तर 2,400 युनिट केवळ वितळकामाला जातात. आता छपराकडे पाहा. एक किलोवॉट पॅनल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास देते, म्हणजे 100 किलोवॉटचे 400 युनिट झाले. दिवसभराचे सगळे ऊन साठवले, तरी त्यातून सव्वा हीट निघेल. शिवाय बॅटरीत भरताना आणि काढताना दहा ते पंधरा टक्के वीज वाटेतच जाते, ती वेगळी. तेव्हा बॅटरी लावून रात्रीची भट्टी चालवण्याचा प्रस्ताव बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅनल मात्र बाजूला ठेवू नका, कारण कॉम्प्रेसर, वाळूचा मिक्सर, ग्राइंडिंग ही आपली दिवसाची कामे ती 400 युनिटे जागच्या जागी खपवतील.

बॅटरी स्वस्त होत आहे, हे मात्र खरे आहे. केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या 2022 मधल्या निविदेत मोठ्या बॅटरी प्रकल्पाचा दर महिन्याला दर मेगावॉटमागे सुमारे 11 लाख रुपये निघाला होता; 2024 अखेरच्या काही निविदांत तो अडीच लाखांच्या खाली आला. पण ही ग्रिडला जोडलेल्या प्रचंड बॅटऱ्यांची गोष्ट आहे, आणि ती स्वस्ताई आपल्या शेडमधल्या कपाटाएवढ्या बॅटरीला तशीच्या तशी लागू होत नाही.

आता बाजाराविषयी. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा भाव बोली लावून ठरतो. देशात सौर वीज इतकी वाढली आहे की दुपारचा भाव खरोखरच कोसळतो. 2025 च्या मे महिन्यात अवकाळी पावसाने मागणी घटली, तेव्हा तत्काळ बाजारात काही वेळ तो शून्यापर्यंत गेला होता. सूर्य मावळला की तोच भाव चढतो आणि उन्हाळ्यात 10 रुपयांच्या कमाल मर्यादेलाही जाऊन भिडतो. परंतु तिथले दोन रुपये म्हणजे उद्यमबागेतले दोन रुपये नव्हेत. वीज इथवर आणण्याचे पारेषण आणि वहन शुल्क, वाटेतली गळती, बाहेरून वीज घेणाऱ्या ग्राहकाला द्यावे लागणारे क्रॉस सबसिडी अधिभार आणि अतिरिक्त अधिभार हे सर्व त्यावर चढते. त्याहून मोठी अडचण अशी की, उद्या कोणत्या पंधरा मिनिटांत किती वीज घेणार, हे आदल्या दिवशीच सांगावे लागते. साचा तयार नाही किंवा धातूचे तापमान आले नाही म्हणून हीट अर्धा तास पुढे गेली, तर त्या फरकाचे पैसे आपल्याच अंगावर येतात. फाउंड्रीत असे किती वेळा होते, ते आपणच जाणता.

शिक्षिका, खानापूर

फाउंड्रीतले मला काही कळत नाही, पण वेळेचा मुद्दा आमच्या घरालाही लागू पडतो, म्हणून लिहिते. आमचा महिन्याचा वापर 140 युनिटांच्या आत असतो आणि कर्नाटकच्या गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेमुळे बिल शून्य येते, त्यामुळे छपरावर पॅनल बसवून वाचवायचे काय, हा प्रश्नच आहे. कोल्हापूरला राहणाऱ्या मुलाने मात्र केंद्राच्या सूर्यघर योजनेतून तीन किलोवॉट बसवले आणि त्याला 78,000 रुपये अनुदान मिळाले. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच पॅनलचा हिशेब असा वेगळा होतो.

एक गोष्ट त्याला विक्रेत्याने सांगितली नव्हती. वळवाचा पाऊस होऊन गेला, लख्ख ऊन पडले, पण रस्त्यावरची लाईन तुटलेली होती आणि छपरावर पॅनल असूनही घरात पंखा फिरेना. चौकशी केल्यावर समजले की, लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून ग्रिडची वीज गेली की पॅनलची वीज घरात देणारा असा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. कारण अगदी योग्य आहे, पण ते पैसे देण्यापूर्वी समजायला हवे होते. आपल्याकडे लाईट जाण्याचे प्रमाण पाहता भट्टीवाले दादांनी हे आधीच विचारून घ्यावे.

मशिन शॉप, निपाणी

आम्ही दोन वर्षांपूर्वी सामूहिक कॅप्टिव्ह (ग्राहकांनी मिळून स्वतःच्या वापरासाठी घेतलेल्या) प्रकल्पात भाग घेतला आहे, म्हणून दुसऱ्या प्रस्तावाविषयी सांगतो. ग्राहकांनी मिळून प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी घ्यायची आणि त्यात तयार होणारी किमान 51 टक्के वीज स्वतः वापरायची, असा नियम आहे. तो पाळला तर क्रॉस सबसिडी अधिभार लागत नाही आणि खरी बचत तिथेच होते. मात्र ही अट वर्षाच्या हिशेबाने तपासली जाते, आणि एखाद्या वर्षी भागीदारांचा वापर कमी पडला तर सवलत जाऊन अधिभार मागून वसूल होऊ शकतो. आपल्या ऑर्डरी कमी झाल्या तर काय, हे कलम करारात शोधून वाचा. आमच्या करारात ते सतराव्या पानावर होते आणि माझ्या ते फार उशिरा नजरेस पडले.

वारा सोबत असण्याचा फायदा मात्र मोठा आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ भरलेले असते आणि पॅनल जेमतेम चालतात. नेमका त्याच काळात सौंदत्ती आणि गदगच्या माळावर वारा जोरात असतो, आणि तो रात्रीही वाहतो. तुमच्या रात्रीच्या भट्टीला सौरपेक्षा पवन जवळचा आहे.

भट्टीवाला, उद्यमबाग

सर्वांचे मनापासून आभार. बॅटरीचा कागद काल परत केला. पण मग असे वाटू लागले आहे की, वीज रात्रीकडे ओढत बसण्यापेक्षा भट्टीच दुपारी का चालवू नये?

निवृत्त अभियंता, टिळकवाडी

नेमके तिथेच यायला हवे होते. जून 2023 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की, सौर तासांतला, म्हणजे उन्हाच्या वेळेतला, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के कमी असावा, आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या तासांतला दर नेहमीच्या किमान 1.2 पट असावा. प्रत्यक्षात कोणते तास आणि किती दर, हे राज्याचा वीज नियामक आयोग आपल्या दर आदेशात सांगतो. म्हणून आपल्या बिलामागचा चालू आदेश वाचल्याशिवाय पाळी बदलू नका. रात्रीची सवलत ही औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, त्या काळाची देणगी आहे. आता फुकट जाणारी वीज दुपारची आहे.

तरीही एक सावधगिरी बाळगा. सौंदत्तीजवळ रेणुकासागर जलाशयाच्या पाण्यावर पंप्ड स्टोरेज प्रकल्प आखला आहे. दुपारच्या विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची, असे त्याचे काम असते. त्यात वीस-पंचवीस टक्के वीज खर्ची पडते, तरी भावातला फरक मोठा असल्याने ते परवडते. असे प्रकल्प वाढले की दुपार आणि संध्याकाळ यांच्या भावातले अंतरही कमी होईल. म्हणून आजच्या फरकावर 25 वर्षांचा करार करू नका.

भट्टीवाला, उद्यमबाग

चालू दर आदेश मिळवला आहे आणि त्याच्याशी ताडून मागच्या बारा बिलांचा तक्ता करायला घेतला आहे. सोमवारपासून आठवडाभर आठांपैकी तीन हीट सकाळी अकरा ते दोन या वेळेत काढून पाहतो. साचे आदल्या संध्याकाळी भरून ठेवावे लागतील आणि मोल्डर (साचे भरणारी) मंडळी आत्ताच कुरकुरत आहेत, कारण एप्रिलच्या दुपारी भट्टीपुढे उभे राहणे सोपे नाही. दोन मोठे पंखे आणि ताकाची सोय करतो आहे.

पॅनलबाबत आता एकच शंका उरली आहे. आमच्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत आणि त्यांवर वाळूची बारीक काळी धूळ बसते. बोट फिरवले तर रेघ उमटते. पत्र्यावर माणूस चढवणे धोक्याचे आहे, मग पॅनल धुवायचे कसे? कोणी फाउंड्रीच्या छपरावर बसवले असतील तर कृपया सांगावे.

मशिन शॉप, निपाणी

पत्र्यावर बसवूच नका. खालून स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभारा, बाजूने चालायला जाळीची फळी ठेवा आणि पाण्याची पाइप वरपर्यंत न्या. आमच्याकडे दर रविवारी सकाळी ऊन तापण्याआधी धुतात. आणि भट्टीच्या धुराड्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते आधी पाहून घ्या. आमचे पाहायचे राहून गेले होते.