‘सफेदा’ म्हणजे निलगिरी की पॉप्लर?

ऋचा: काश्मीरवरच्या एका हिंदी प्रवासलेखाचा अनुवाद करताना श्रीनगर-बारामुल्ला रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले ‘सफेदे’ मी तसेच ठेवले होते. मुद्रितशोधकांनी मात्र सगळीकडे ‘निलगिरी’ केले. मराठीत कोणता शब्द योग्य ठरेल?

माधव: उत्तरेच्या मैदानी प्रदेशात सफेदा म्हणजे निलगिरीच, त्यामुळे त्यांना सर्वस्वी दोष देववत नाही, परंतु काश्मिरातला सफेदा हा पॉप्लर. काश्मिरी भाषेत त्याला ‘फ्रस’ म्हणतात. १९८०च्या दशकात तिथे सामाजिक वनीकरणातून लावलेल्या आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कापूस उडवणाऱ्या जातीला ‘रूसी (म्हणजे रशियन) फ्रस’ असे नाव पडले, आणि ती मूळची अमेरिकेची!

शास्त्रीबुवा: उसने शब्द हवेतच कशाला? हिमालयातल्या पॉप्लरला तिथले लोक ‘पहाडी पीपल’ म्हणतात आणि ‘पॉप्युलस’ हे त्याचे शास्त्रीय नाव व आपला ‘पिप्पल’ यांचे नाते तर कानालाच कळते. ‘चलदल’, म्हणजे हलत्या पानांचा, हा संस्कृत शब्द घ्यावा.

माधव: बुवा, ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरत नाही. शिवाय अमरकोशात ‘चलदल’ हे पिंपळाचेच नाव आहे. ते पॉप्लरला दिले, तर पिंपळाला काय म्हणायचे?

शमा (डेन्व्हर): चलदल शोभेल ते अ‍ॅस्पेन या पॉप्लरच्याच भावंडाला, काश्मिरातल्या सरळसोट सफेद्याला नव्हे. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ दोन्ही बाजूंनी चपटा असतो. चिमटीत धरून फिरवला, की बोटांना त्याची कड लागते. त्यामुळे वाऱ्याची झुळूकही पुरते आणि सबंध झाड थरथरू लागते. यूटा राज्यातील ‘पांडो’ नावाचे सुमारे ४३ हेक्टरांचे अ‍ॅस्पेनबन तर एकाच मुळातून फुटलेले आहे. आमच्याकडे घरात मराठी बोलतानाही सगळे अ‍ॅस्पेनच म्हणतात आणि त्यात कोणाचे काही बिघडलेले नाही.

शास्त्रीबुवा: बिघडते ते हळूहळूच, शमाताई.

देवगडकर: पॉप्लर कोकणात शास्त्रीय नावापुरता पोहोचलेला आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या पारोसा पिंपळाला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने ‘पॉप्युल्निया’, म्हणजे पॉप्लरसारखा, असे विशेषण दिले ते पानांच्या आकारावरून. आमच्याकडे मात्र पिंपळ कोणी म्हणत नाही; ती भेंडी. सकाळचे पिवळे फूल कोमेजताना तांबूस होते आणि कुंपणाला रोवलेल्या खुंटांनाही पालवी फुटते.

शास्त्रीबुवा: भेंडी ही भाजी. झाडाला ‘भेंड’ म्हणावे.

देवगडकर: खाडीकाठच्या माणसाला हे सांगून पाहा. आमच्या आजीच्या तोंडी दोन्हींना भेंडीच होते आणि भाजीसाठी झाडावर कोणी चढले नाही.