नुसत्या भिंती पाडून भागत नाही

शाळेतल्या वर्गांमधल्या भिंती काढल्या की मुलं आपोआप एकत्र शिकतील, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. गोंगाटात बुजरं मूल आणखीच मिटून जातं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टची मॉन्टेसरी शाळा बघा. डच वास्तुरचनाकार हर्मन हर्ट्झबर्गर यांनी १९६० च्या दशकात तिथले वर्ग चौकोनी न ठेवता इंग्रजी L सारखे, काटकोनात वळणारे बांधले. खालच्या पातळीवर रंग-मातीचा पसारा, वरच्या भागात एकाग्रतेचं काम. हॉलच्या मधोमध विटांचा चौथरा आहे. त्यावर मुलं बसतात, खेळतात. आतल्या लाकडी फळ्या ओढून काढल्या की त्याचा रंगमंच होतो. आपल्याकडे खर्च वाचवायला आधी व्हरांडाच अरुंद करतात. खरं तर मुलं जोडीजोडीनं वाचत बसतात ती तिथेच. निदान तिथे एक रुंद कट्टा तरी बांधा!