नळावरचे पांढरे डाग कसे काढायचे?

बोअरचं पाणी आहे, नळ-शॉवर सगळ्यावर पांढरा थर बसतो. दर महिन्याला महागडे क्लीनर परवडत नाहीत, घरगुती काही आहे का?

मुग्धा_के: लिंबूसत्व आणा ना, किराणा दुकानात सुटं मिळतं, स्वस्त पडतं. दोन चमचे कपभर कोमट पाण्यात विरघळवायचं, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवायचं मग जुन्या ब्रशने घासून स्वच्छ धुवायचं, थर क्षारांचा असतो म्हणून आंबटाने सुटतो. शॉवरचं तोंड काढून त्यातच बुडवा.

सांगलीकर: कडप्पा आणि मार्बलवर मात्र अजिबात नको हां, चमक कायमची जाते!

मुग्धा_के: बरोबर. आणि ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.